गरमसूरवरचा सातवा फोटो

देवळीच्या बस स्टँडसमोर किसनरावांचा फोटो स्टुडिओ होता. वीस वर्षांत त्यांनी अर्ध्या तालुक्याचे चेहरे काढले होते. लग्नातले, बारशातले, नोकरीच्या अर्जावरचे, आणि घरातलं म्हातारं माणूस गेलं की त्याला खुर्चीत टेकवून घाईघाईनं काढायचे तेसुद्धा. फोटो हातात घेतला की माणूस आधी स्वतःला पाहायचा आणि मग विचारायचा, "मी बरा आलो ना?" हा काढला कोणी, असं कधी कोणी विचारलं नव्हतं. विचारावं असं किसनरावांनाही कधी वाटलं नव्हतं. बंडूजी मास्तरांनी काढलेला फोटो पेपरात छापून येईपर्यंत तरी नव्हतं वाटलं.

बंडूजी नाचणगावच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. चार वर्षांपूर्वी त्यांनी वर्ध्यातून एक जुना, दोन भिंगांचा कॅमेरा विकत आणला आणि तो कापडी पिशवीत घालून सरळ किसनरावांच्या दुकानात आले. रोल कसा भरायचा तेसुद्धा त्यांना येत नव्हतं. किसनरावांनी त्यांना उन्हाकडं पाठ करून, सावलीत रोल भरायला शिकवलं. उजेड मोजायला शिकवलं. तेव्हापासून मास्तरांचे सगळे रोल धुवायला देवळीलाच यायचे. शाळेशेजारच्या पुलगावात स्टुडिओ असूनही मास्तर म्हणायचे, "हात पाह्यजे तर किसनभाऊचा."

हे ऐकायला गोड होतं, आणि पहिली तीन वर्षं किसनरावांना ते गोडच लागलं.

मग पुलगावच्या रेल्वे पुलाचा तो फोटो आला. खाली नदीवर धुकं, वर मालगाडी, आणि इंजिनाचा धूर धुक्यात मिसळलेला. नागपूरच्या पेपरानं तो रविवारी छापला, खाली मास्तरांचं नाव. त्याच आठवड्यात एक शेतकरी बापलेक पासपोर्टचा फोटो काढायला आले. किसनराव काळ्या कापडाखाली डोकं घालून "हनुवटी वर, वर" म्हणत असताना तो बाप खुर्चीवरूनच बोलला,

"तुमी त्या बंडूजी मास्तरले ओळखता का हो?"

"हलू नका," किसनराव म्हणाले.

"काय फोटू काढला बाप्पा त्यानं. अस्सल. तुमी पाह्यला का?"

तो फोटो किसनरावांनीच धुतला होता, त्यांनीच छापला होता. धूर आणि धुकं वेगळं दिसावं म्हणून त्यांनी कागदावर हाताची सावली धरून पाच वेळा मेहनत केली होती. पण हे कोणाला सांगणार? सांगितलं तर ते मागितल्यासारखं होईल. ते कापडाखालीच राहिले आणि म्हणाले, "पाह्यला."

संध्याकाळी घरात जायला उठले तर मंदाबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, पेपरातला तो फोटो कापून दुकानाच्या आतल्या दारावर चिकटवलेला. मंदाबाई दुकानात फोटो वाळवायचं, डाग भरायचं आणि कडा कापायचं काम करत. त्या म्हणाल्या, "आपल्या दुकानात छापला ना, म्हणून लावला." त्या दारातून आत जाताना किसनराव रोज मान खाली घालू लागले.

एकोणऐंशीच्या भादव्यात जिल्ह्यातल्या एका सूतगिरणीनं कॅलेंडर काढायचं ठरवलं. बारा महिने, बारा फोटो, सगळे आपल्या जिल्ह्याचे. कोणीही फोटो पाठवावे, निवडलेल्या फोटोखाली नाव छापू, अशी जाहिरात आली. जाहिरात वाचून किसनरावांनी ती घडी घालून गल्ल्यात ठेवली. दोनच दिवसांत मास्तर दारात उभे.

"किसनभाऊ, हस्ताचा पाऊस गरमसूरवर पाहून या म्हणते लोक. सातपुड्याकडून ढग येते अन् डोंगरावर फुटते. तंबू आहे आमच्या शाळेत, स्काउटचा. चालता का?"

"दुकान कोण पायल?"

"मंदावहिनी हाये की."

आतून मंदाबाई म्हणाल्या, "जाऊन या. वीस वर्षात एक दिवस दुकान सोडलं नाई तुमी."

नाही म्हणायचं किसनरावांच्या अगदी ओठावर होतं. पण आपण गेलो नाही तर मास्तर एकटे जातील, आणि येताना काहीतरी घेऊनच येतील, हे त्यांना आत्ताच दिसत होतं. म्हणून ते हो म्हणाले.

वर्धा, मग कारंजा, मग एस.टी. सोडून पायी. पायथ्याच्या वस्तीत जंगू भेटला. पन्नाशीचा गोंड माणूस, जंगलखात्यात रोजंदारीवर जायचा आणि गरमसूरची प्रत्येक पायवाट त्याला ठाऊक होती. तंबू त्यानं डोक्यावर घेतला. किसनरावांची लोखंडी पेटी मास्तरांनी घेतली, कारण किसनरावांचा गुडघा दुखत होता. "द्या हो, मी तुमच्याहून दहा वर्षांनं लहान आहो," असं मास्तर म्हणाले, आणि मास्तर चांगलं वागले की किसनरावांना जास्तच टोचायचं.

माथ्याच्या थोडं खाली, सागाच्या आडोशानं तंबू ठोकला. पुढं गुडघाभर गवताचं पठार, त्याच्या कडेला काळा खडक, आणि त्यापलीकडं उत्तरेला निळ्या डोंगरांच्या रांगा.

पहिल्या दिवशी किसनरावांनी पूर्ण रोल संपवला. बाराच्या बारा. दरीचा एक, झाडाचा एक, जंगूला काठी घेऊन उभं करून तीन. "मान थोडी इकडं. काठी सरळ धर. हासू नको." जंगू बिचारा ताठ उभा राहायचा, आणि काचेत पाहताना किसनरावांना वाटायचं, हा तर देवळीच्या स्टुडिओतच उभा आहे, मागं फक्त पडदा बदलला आहे. तरी ते काढत राहिले.

मास्तरांनी त्या दिवशी एकही फोटो काढला नाही. खडकावर बसून ते नुसते पाहत होते. मधेमधे जंगू त्यांच्याशेजारी जाऊन बसायचा, बोट दाखवून काही सांगायचा आणि दोघं हसायचे. किसनराव चुलीवर चहा ठेवताना तिकडं पाहत राहिले. चहा उतू गेला.

"काय सांगून राह्यला होता जंगू?" संध्याकाळी त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"वादळ कुठून येते ते. म्हणे, तंबूमागच्या त्या दोन टेकड्यांच्या खिंडीतून शिरते, मंग असं वळते. उद्या दुपारनंतर येईल म्हणते."

"मले नाई सांगितलं."

"तुमी विचारलं नसन," मास्तर म्हणाले. त्यांनी ते सरळच म्हटलं होतं, पण किसनरावांना रात्री उशाला ते शब्द काट्यासारखे लागले.

दुसऱ्या दिवशी चार वाजता खिंड काळवंडली. वारा आधी थांबला, मग एकदम उठला. मास्तर कॅमेरा आणि तीन पायांचं तिकाटणं घेऊन खडकाकडं धावले, जंगू छत्री घेऊन त्यांच्यामागं. किसनरावही आपला कॅमेरा काढायला तंबूत वाकले, आणि तेवढ्यात तंबूची वाऱ्याकडची दोरी तुटली. कापड शिडासारखं फुगलं. आत त्यांची पेटी होती, उघडी. कॅमेरा होता, काढलेला रोल होता, नवे रोल होते. हातातलं टाकून ते बाहेर आले आणि दारातला बांबू त्यांनी छातीशी कवटाळला.

"मास्तर! अठी या! धरा!"

मास्तर शंभर पावलांवर होते. त्यांनी मान वर करून पाहिलं, अगदी नक्की पाहिलं असं किसनरावांना वाटलं, आणि पुन्हा कॅमेऱ्यावर वाकले. आभाळ पार खाली आलं होतं. सांज होण्याआधीच अंधारून आलं. वीज चमकली की सगळं पठार पांढरं व्हायचं, गवताची पातं न् पातं दिसायची, आणि पुन्हा काहीच नाही. किसनरावांच्या अंगावर पांढरा सदरा आणि धोतर, दोन्ही ओली होऊन चिकटलेली. पाय घसरत होते. डाव्या खांद्यानं बांबू रेटत, मान घालून ते उभे होते आणि मनातल्या मनात मास्तरांना अशा शिव्या देत होते, ज्या त्यांनी जन्मात कोणाला दिल्या नव्हत्या.

जंगूच धावत आला. "साहेब, ते बांबू सोडा. इज पडते." त्यानं किसनरावांना ओढून खाली बसवलं, तंबू आडवा पाडला आणि त्यावर दगड ठेवले. मग गारा आल्या. तिघंही त्या आडव्या कापडाखाली शिरले. मास्तरांनी कॅमेरा सदऱ्याच्या आत, पोटाशी धरला होता आणि त्यांचा चेहरा ओल्या भांड्यासारखा चमकत होता.

"किसनभाऊ, भेटलं," ते म्हणाले. "मले भेटलं. शटर उघडं ठेवलं अन् वाट पाह्यली. आपोआप इजेनंच काढला फोटो."

"मी आवाज देत होतो तुमाले."

"आयकू आलं," मास्तर म्हणाले. "पण शटर उघडं होतं ना."

ते खरं होतं. शटर उघडं असताना किसनरावही गेले नसते.

परतताना वर्ध्याच्या स्टँडवर मास्तरांनी नेहमीसारखा आपला रोल त्यांच्या हातात दिला आणि पुलगावची गाडी पकडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी किसनरावांनी डार्करूमचं दार लावलं. स्वतःचा रोल आधी धुतला. बारा चांगले, स्वच्छ, कुठं चूक नाही, आणि एकाकडंही दुसऱ्यांदा पाहावंसं वाटत नव्हतं. मग मास्तरांचा. हायपोच्या पाण्यातून काढून त्यांनी ती पट्टी दिव्यासमोर धरली. सहा फोटो वाया गेलेले. सातव्यात वीज होती. खिंडीतून निघून, तीन फाटे फुटून, पठाराच्या मागं उतरलेली, आणि पुढं सगळं गवत एका बाजूला झोपलेलं. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं दिसतं, उजेड काळा आणि अंधार पांढरा. तरी किसनरावांना ती पट्टी खाली ठेववेना.

मीपण तिथं होतो, त्यांच्या मनात आलं. तंबू मी धरला. मी नसतो तर ह्याचे कोरडे कपडे नसते, रोटी नसती. मी शिकवलं नसतं तर ह्याला शटर कसं उघडं ठेवायचं हे कळलं नसतं. असं ते बराच वेळ मोजत राहिले. पट्टी वाळेपर्यंत त्यांचं ठरलं होतं.

त्यांनी मास्तरांना कार्ड टाकलं. रोलमध्ये ओल शिरली, काही आलं नाही, वाईट वाटते.

रविवारी मास्तर आले. चहा घेतला. कप खाली ठेवून म्हणाले, "जाऊ द्या. पाह्यलं तर खरं. रोल फेकला का?"

"फेकला."

"तुमचं काई आलं का?"

किसनरावांनी कपाकडं पाहिलं. "एक आला आहे. इजेचा."

"तुमी कधी काढला?" मास्तरांच्या आवाजात नुसतं नवल होतं. "मी म्हणतो, तुमी तर तंबूपाशी होते. पण बरं झालं, दोघांतून एकाले तर भेटला. दाखवा की."

"अजून छापला नाई."

"पाठवा कॅलेंडरले. मी शाळेत सांगीन, हे माहे गुरू." आणि ते उठून गेले. पायरी उतरताना मात्र त्यांनी एकदा मागं वळून पाहिलं.

त्या संध्याकाळी किसनरावांनी फोटो मोठा छापला. बारा बाय पंधरा. वीस वर्षांत इतका मोठा कागद त्यांनी फक्त पुढाऱ्यांसाठी वापरला होता. ओला फोटो त्यांनी मंदाबाईंकडं दिला आणि हात पुसायला मागं गेले. परत आले तेव्हा मंदाबाई फोटोवर वाकल्या होत्या.

"हे तर तुमी आहा," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"हे. झाडापाशी."

त्यांच्या बोटाजवळ एक पांढरा ठिपका होता. मघाशी छापताना किसनरावांना तो डाग वाटला होता. आता त्यांनी भिंग घेतलं. ठिपक्याला पाय होते, धोतर होतं. मान खाली, डावा खांदा बांबूला लावून एक माणूस अख्ख्या आभाळाविरुद्ध एक तंबू धरून उभा होता.

"खांद्यावरून वळखलं म्या," मंदाबाई म्हणाल्या. "पावसात छत्री अशीच धरता तुमी." त्या हसत होत्या. "चांगला काढला मास्तरनं. नाई तर तुमचा फोटू हाय कुठं घरात? लग्नातलाच एक. सगळ्या गावाचे काढता, तुमचा कोण काढणार?"

मास्तरांनी काढला हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती. स्वतःचा असा फोटो स्वतः कोणी काढू शकत नाही. हे कॅलेंडरवाल्यांना कळलं नसतं, पण गरमसूरवर तीनच माणसं होती. मास्तरांनी हा फोटो भिंतीवर पाहिला असता तर त्यांना पहिल्या नजरेत कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी, मंदाबाई चक्कीवर गेल्या असताना, किसनराव खिडकीशी रिटचिंगच्या तिरक्या काचेसमोर बसले. ब्लेड घेतलं. हे काम त्यांच्या बोटांना झोपेतही आलं असतं. देवीचे व्रण, चामखीळ, डोळ्याखालची वर्तुळं, त्यांनी हजारो चेहऱ्यांवरून खरवडून काढली होती. निगेटिव्हवर तो माणूस काळा होता, तांदळाच्या कणीएवढा. काळं खरवडलं की छापताना तिथं अंधार येणार. गवतात गवत. त्यांनी आधी पाय घेतले. मग धोतर. ब्लेडच्या टोकाला बारीक काळी भुकटी जमली, ती त्यांनी फुंकून टाकली.

कमरेपर्यंत आले आणि हात थांबला. भिंगातून तो खांदा दिसत होता. ते त्याकडं पाहत राहिले. त्या संध्याकाळी आपण हास्यास्पद दिसत असणार, असंच त्यांना इतके दिवस वाटत होतं. तसं ते दिसत नव्हते. आणि तो माणूस काढून टाकला तर उरलेली वीज नुसती वीज होती, कोणत्याही कॅलेंडरवर असते तशी. मास्तरांनी मान वर करून पाहिलं होतं ते मदतीसाठी नव्हतं. ह्याच्यासाठी पाहिलं होतं. मदतीला न येता त्यांनी हे पाहिलं, ह्याचा राग किसनरावांना आला, आणि हे आपल्याला कधीच दिसलं नसतं ह्याचा त्याहून जास्त आला.

मंदाबाई पीठ घेऊन आल्या तेव्हा ते सदरा घालत होते.

"कुठं निघाले?"

"नाचणगावले. येतो."

शाळा सुटली होती. मास्तर वर्गात एकटेच फळा पुसत होते. किसनरावांनी टेबलावर गुंडाळलेला मोठा फोटो उलगडला आणि शेजारी निगेटिव्हची पट्टी ठेवली.

मास्तर आधी फोटोकडं पाहत राहिले. डस्टर हातातच. त्यांचा चेहरा तंबूखाली झाला होता तसा झाला. "आला," ते म्हणाले. "आला की हो." मग त्यांनी पट्टी उचलून खिडकीकडं धरली, आणि चेहरा बदलला.

"हे काय?"

"मी खरवडलं. फोटो आधी छापला, खरवडलं मंग."

"काऊन?"

किसनरावांनी सगळं सांगितलं. कार्डाचं, ओलीचं, मोठ्या कागदाचं. पेपरातल्या पुलाचंसुद्धा सांगितलं, जे सांगायचं त्यांनी ठरवलं नव्हतं. सांगताना त्यांचा आवाज शेतकऱ्यानं नुकसानीची नोंद द्यावी तसा सपाट होता.

मास्तर बाकावर बसले. डस्टर शेजारी ठेवून म्हणाले, "तुमी मागितला असता तर मी दिला नसता. खोटं काऊन बोलू. पण माहा रोल तुमच्या हाती देताना मी कधी मागं वळून पाह्यलं नाई. आता पाहीन."

"पुलगावले देत जा," किसनराव म्हणाले.

"देईन."

मास्तरांनी त्याच खरवडलेल्या निगेटिव्हवरून पुलगावात फोटो छापून घेतला. किसनरावांनी आणलेला अखंड फोटो त्यांनी वापरला नाही, तो गुंडाळून परत दिला. ऐंशीच्या कॅलेंडरवर ऑगस्टच्या पानावर खरवडलेलाच फोटो आला. तंबूपाशी एक माणूस, कमरेपासून वर. पाहणाऱ्यांना वाटलं, गवत तिथं कंबरभर वाढलं असेल. मंदाबाईंनी कॅलेंडर दुकानात लावलं. खुर्चीवर बसलेलं गिऱ्हाईक अधूनमधून विचारायचं, "कोणी काढला हो हा?"

"बंडूजी मास्तरनं," किसनराव कापडाखालून सांगत. दर वेळी ते सांगत. तो माणूस कोण, हे कोणी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही.

मास्तर वर्ध्याच्या स्टँडवर कधीमधी भेटायचे. पाऊसपाण्याच्या गोष्टी व्हायच्या, गुडघ्याची चौकशी व्हायची. रोल परत देवळीला आला नाही.

ब्याऐंशीच्या पोळ्याला मास्तरांचा आणखी एक फोटो पेपरात आला. सजवलेल्या बैलांची रांग, मागं धुळीतलं ऊन. किसनराव दुकानाच्या पायरीवर पेपर घेऊन बसले आणि अर्धा तास त्या फोटोकडं पाहत राहिले. मग त्यांनी आतून मोजपट्टी आणली, फोटोवर धरली आणि मंदाबाईंना हाक मारली.

"पाय, जमीन तिरपी आली. डावीकडं उतरून राह्यली."

मंदाबाईंनी पेपर जवळ घेतला, लांब धरला. "मले तर दिसत नाई."

"दिसते. नीट पाय."

त्यांनी पुन्हा पाहिलं आणि पेपर परत दिला. किसनरावांचा तो दिवस बराच चांगला गेला.